छायेचें संपादन

आमच्या घरांत आईचें एकच छायाचित्र आहे. १९७४ सालीं धुळ्यास एका फोटोच्या दुकानांत तें काढलेलें असून, पुठ्ठ्यावर चिकटविलेलें व कडांना पिंवळें पडलेलें असें तें जळगांवीं माझ्या अभ्यासाच्या खोलींत कित्येक वर्षें टांगलेलें आहे. आई १९७९ सालीं गेली. त्या वेळीं मी नऊ वर्षांचा होतों. नऊ वर्षांच्या मुलाच्या स्मृतींत आवाज राहतो, हातांचा वास राहतो. चेहरा फार दिवस राहत नाहीं. त्याचें काम पुढें छायाचित्रच करूं लागतें, आणि आपणांस आई आठवते कीं भिंतीवरील चौकट आठवते याचा निवाडा करणें अशक्य होऊन बसतें. माझें तसेंच झालें आहे. फक्त एक गोष्ट मला स्वतःची म्हणून आठवते, आणि नेमकी तीच त्या छायाचित्रांत नाहीं. आईला लहानपणीं देवी आल्या होत्या व तिच्या तोंडावर त्यांचे वण होते. छायाचित्रांतील चेहरा मात्र ताज्या लोण्यासारखा नितळ आहे.

हा नितळपणा कसा येत असे तें ज्यांनीं जुनीं दुकानें पाहिलीं आहेत त्यांस सांगावयास नको. शिसपेन्सिलीचें टोंक धरावें म्हणून निगेटिव्हवर प्रथम एक चिकट रोगण पुसून घेत. मग ती तिरक्या चौकटींत बसवून, खालीं ठेवलेल्या आरशानें खिडकींतला उजेड तिच्या पाठीमागून वर घेऊन, सुईसारखें टोंक केलेल्या कठीण पेन्सिलीनें कारागीर एकेका ठिपक्यावर बारीक रेघा देत बसे. निगेटिव्हमध्यें सारें उलटें असतें. चेहऱ्यावरची जी खांच कागदावर काळी उमटावयाची ती तेथें पारदर्शक असते. तेवढी जागा शिसपेन्सिलीनें भरली कीं कागदावर ती उजळते आणि खांच बुजते. देवी, मुरूम, सुरकुत्या, डोळ्यांखालचीं वर्तुळें, सर्वांची वाट एकच. ह्या कामाला लोक 'टचिंग' म्हणत. आमच्या आईवर टचिंग करणारा कारागीर कोण होता तें मला ठाऊक नाहीं, परंतु त्याच्याविषयीं माझ्या मनांत पुष्कळ वर्षें राग होता. मला उरलेली एवढीच ती आई, आणि तीही त्यानें पुसून ठेवली, असें मला वाटे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वर्गांत तो इंग्रजी कवितेकडे फारसें लक्ष देत नसे. वहीच्या मागच्या पानांवर माझींच चित्रें काढी. हल्लीं तो मुंबईस असतो आणि कॉम्प्युटरवर तयार होणाऱ्या चित्रपटांचें काम करतो. "तूं नेमकें काय करतोस?" असें मीं विचारतांच तो म्हणाला, "सर, मी उजेड लावतों."

दिवे लावण्यासंबंधीं मराठींत जो एक वाक्प्रचार आहे तो माझ्या ओंठांवर आला होता, पण तो गिळून मीं त्याला सविस्तर सांगावयास लावलें. त्यानें आपला कॉम्प्युटर माझ्या टेबलावर उघडला. पडद्यावर एक खोली होती, खोलींत खाटेवर एक म्हातारी बसली होती, कोनाड्यांत दिवा होता. वस्तुतः खोली नाहीं, खाट नाहीं, दिवाही नाहीं. आंत केवळ आंकडे. वस्तूंचे आकार आंकड्यांनीं सांगावयाचे, त्यांचे पृष्ठभाग आंकड्यांनीं सांगावयाचे, दिवे कोठें व केवढे तेंही आंकड्यांनींच. मग यंत्रानें हिशेब करावयाचा. ह्या हिशेबाचें मूळ सूत्र जेम्स काजिया या अमेरिकन संशोधकानें १९८६ सालीं मांडलें. गणित बिकट असलें तरी आशय सावकाराच्या वहीसारखा सरळ आहे: एखाद्या बिंदूपासून डोळ्याकडे जो प्रकाश निघतो तो म्हणजे त्या बिंदूचा स्वतःचा प्रकाश, अधिक दाही दिशांनीं त्यावर येऊन पडलेल्या प्रकाशापैकीं त्यानें आपल्या स्वभावानुसार परत केलेला भाग. तांबें, रेशीम, ओली माती, माणसाची कातडी यांचे स्वभाव निराळे, म्हणून त्यांची परतफेडही निराळी.

मला वाटलें, निसर्गाची ही वही किती चोख लिहितां येते तें हा आतां दाखवील. त्यानें दाखविलें तें अगदीं उलट. एका दिव्याची सांवली पडूं नये असें त्यानें ठरविलें. ती पडली नाहीं. दुसऱ्या दिव्याचा उजेड म्हातारीच्या तोंडावर होता, पण पाठीमागच्या भिंतीला त्याची गंधवार्ता नव्हती. तिसऱ्या दिव्याची तीव्रता त्यानें कमी करीत करीत शून्याच्याही खालीं नेली, आणि तो दिवा प्रकाश देण्याऐवजीं असलेला प्रकाश पिऊं लागला; कोपऱ्यांत काळोख सांचला. "हा अंधाराचा दिवा, सर," तो म्हणाला. नंतर त्यानें खाटेची सांवली. . . धरली, असेंच म्हटलें पाहिजे. चादरीचें टोंक धरावें तशी धरली आणि भिंतीवर हातभर पलीकडे ओढून नेली. पूर्वीं सांवली हवी तेथें पाडावयाची तर दिवा इकडून तिकडे सरकवीत बसावें लागे. २००२ सालीं कॉर्नेल विद्यापीठांतील फाबियो पेलाचिनी व त्याचे सहकारी यांनीं अशी सोय करून दाखविली कीं चित्रकारानें सांवलीच हलवावी आणि दिवा कोठें असला पाहिजे तें यंत्रानें शोधून काढावें. कार्यावरून कारण बदलण्याचा हा प्रकार तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकांत माझ्या वाचनांत आला नव्हता.

वस्तूंच्या स्वभावाचीही तीच गोष्ट. पृष्ठभागावरील चकाकीचें जें गणित बुइ तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणानें अमेरिकेंत १९७५ सालीं प्रसिद्ध केलें, तें पदार्थविज्ञानाच्या नियमांतून काढलेलें नव्हतें. डोळ्याला पटेल अशी चकाकी देणारा तो एक हुशार अंदाज होता, आणि त्यावर पुढें अनेक वर्षें काम चाललें. २०१२ सालीं डिस्नेच्या चित्रशाळेंतील ब्रेंट बर्ली यानें मांडलेल्या पद्धतींत वस्तूचा सारा स्वभाव एक रंग आणि दहा कळा यांवर आणून ठेवला आहे. खरखरीतपणा, धातुपणा, कापडावरची लव अशा त्या कळा. प्रत्येक शून्यापासून एकपर्यंत सरकणारी. त्या निवडतांना निसर्गाशीं इमान किती राहतें यापेक्षां चित्रकाराच्या हाताला त्या कळतात कीं नाहीं हें अधिक पाहिलें. माझ्या विद्यार्थ्यानें एक कळ सरकविली आणि म्हातारीचें लुगडें सुती होतें तें रेशमी झालें. तिची सांपत्तिक स्थिति इतक्या त्वरेनें सुधारलेली पाहून मला हंसूं आलें खरें, पण मन प्रसन्न झालें नाहीं.

याचें कारण माझ्या वाढण्यांत आहे. ज्या धुळ्यांत मी वाढलों तें इतिहासाचार्य राजवाड्यांचें शेवटचें गांव. १९२६ सालीं ते तेथें वारले आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें निघालें. आमच्या लहानपणीं मोडी दप्तरांच्या गोष्टी आम्हीं इतर मुलें भुताखेतांच्या ऐकतात तशा ऐकल्या. कागद जसा सांपडला तसा छापावा, अक्षर फाटलें असेल तेथें जागा रिकामी सोडावी, आपल्या पदरचा शब्द घालूं नये: 'संपादन' या शब्दाचा अर्थ माझ्या मनांत असा ठसलेला आहे. हा मुलगाही आपल्या कामाला संपादनच म्हणत होता. मीं त्याला म्हटलें, "अरे, तुम्हीं खोट्या कागदपत्रांचा कारखाना काढला आहे."

त्याला राग आला नाहीं. तो म्हणाला, "सर, आम्हांला अजिंठ्याला तुम्हींच नेलं होतं. पहिल्या लेण्यांत पद्मपाणीच्या नाकावर उजेड आहे तो कोणत्या दिव्याचा?"

आम्हां जळगांवकरांना अजिंठा घराजवळचा. साठ किलोमीटरांच्या आसपास अंतर. पाहुणा आला कीं त्याला घेऊन जाणें हें एक कर्तव्यच असतें, आणि वारंवार पाहिलेल्या गोष्टीकडे मनुष्य जसें पाहतो तसें मीं त्या चित्राकडे इतकीं वर्षें पाहत आलों. ह्या प्रश्नासरशीं तें मला प्रथमच दिसलें. पद्मपाणीच्या नाकाच्या कण्यावर आणि हनुवटीवर उजळ रंग आहे. गालांच्या कडा दोन्ही बाजूंनीं गडद होत गेल्या आहेत. दिवा डावीकडे मानावा तर डावी कड गडद कां? उजवीकडे मानावा तर उजवी कां? जमिनीवर कोणाची सांवली नाहीं. जो भाग पुढें आला तो उजळावा, जो मागें गेला तो काळवंडावा, एवढाच त्या चित्रकाराचा नियम. उजेड कोठून येतो याची चौकशी त्यानें केलेली नाहीं. विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रानें ह्या छायाकामाला 'वर्तना' म्हटलें असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत; त्यांपैकीं एकांत तर नुसते बिंदु देत जावयाचे असतात. निगेटिव्हवर ठिपके देणारा आमचा धुळ्याचा कारागीर मला तेथें आठवला, आणि ती आठवण मला आवडली नाहीं.

तो मुलगा पुढें मोत्यांविषयीं बोलूं लागला. आपले जुने रसिक लावण्याची व्याख्या करतांना मोत्याच्या आंत तरळणाऱ्या झळाळीचा दाखला देतात, हें मींच त्यांना वर्गांत कधीं तरी सांगितलें होतें म्हणे. मोतीं, दूध, संगमरवर आणि माणसाची कातडी यांच्यांत प्रकाश पृष्ठभागावरून परतत नाहीं. आंत शिरतो, थोडा भटकतो आणि दुसऱ्याच ठिकाणीं बाहेर येतो. ह्या भटकण्याचें सोयीचें गणित हेन्रिक यान्सेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं दिलें. त्यापूर्वीं कॉम्प्युटरमधील माणसें प्लॅस्टिकचीं दिसत. "लावण्याचीही एक कळ आहे, सर," तो म्हणाला. ह्या वाक्यावर मीं त्याला चहा दिला.

चहा पितांना मला चाळीसगांवच्या केकी मूस यांची आठवण झाली. १९१२ सालीं मुंबईस जन्मलेला, इंग्लंडांत जाऊन कला शिकून आलेला हा पारशी गृहस्थ चाळीसगांव स्टेशनाजवळच्या बंगल्यांत येऊन राहिला आणि १९८९ च्या अखेरच्या दिवशीं तेथेंच वारला. मधल्या सुमारें पन्नास वर्षांत त्यानें घराचा उंबरठा फारच थोड्या वेळां ओलांडला. कोणा तरुणीनें पंजाब मेलनें येण्याचें वचन दिलें होतें व तो जन्मभर त्या गाडीची वाट पाहत राहिला, अशी कथा आमच्याकडे सर्वांना पाठ आहे. मला स्वतःला ह्या कथेपेक्षां त्याचें टेबल अधिक ओढ लावतें. 'टेबलटॉप' छायाचित्रण ही त्याची खासियत. घरांतल्या किरकोळ वस्तु टेबलावर मांडावयाच्या, दिवा असा धरावयाचा कीं त्यांचें माप डोळ्याला कळूं नये, आणि कॅमेऱ्यानें विस्तीर्ण देखावा उभा करावयाचा. ह्या कलेंत मीठ बर्फ होतें, आरशाचा तुकडा तळें होतो, वाळक्या काडीचें अरण्य होतें. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाचीं तीं निसर्गदृश्यें! त्याचा बंगला आतां संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे. तेथें मी गेलों होतों तेव्हां चित्राची युक्ति सांगितली असतां माणसें फसल्याबद्दल चिडत नाहींत, उलट आनंदानें पुन्हां वांकून पाहतात, हें मीं पाहिलें. माझा विद्यार्थी जें करतो तें हेंच. टेबल तेवढें नाहींसें झालें आहे.

म्हणजे मी हरलों होतों. एक गोष्ट मात्र मला सोडवेना. पद्मपाणि कोणाची आई नव्हे. मूस यांच्या टेबलावरच्या डोंगरावर कोणी लहानाचें मोठें झालेलें नाहीं. जेथें चित्राच्या मागें कोणीच नाहीं तेथें चित्रकारानें सूर्य पश्चिमेला उगवावा. पण जेथें एक विशिष्ट मनुष्य कॅमेऱ्यासमोर बसून गेलें आहे तेथें त्या मनुष्याचें कांहीं देणें लागतें कीं नाहीं? हें त्याला समजावून सांगण्याऐवजीं मीं उठून भिंतीवरून आईचें छायाचित्र काढलें आणि त्याच्यापुढें ठेवलें. वणांची हकीकत सांगितली. म्हटलें, "तुझ्या यंत्रांत एवढी शक्ति असेल तर हा खोटेपणा काढ. माझी आई जशी होती तशी मला दाखव."

त्यानें चौकटींतून चित्र सोडवून त्याची प्रत यंत्रांत घेतली आणि तीवर दोन दिवस येऊन बसला. त्याची अडचण त्यानें मला फार चांगली समजावून दिली. छायाचित्रांतला प्रत्येक ठिपका हा गुणाकार असतो: वस्तूचा स्वतःचा रंग गुणिले तिच्यावर पडलेला उजेड. आपल्या हातीं येतो तो केवळ गुणाकार. हा बारा तीन चोक बारा आहे कीं बे सक बारा, तें नुसत्या बारावरून कसें सांगावें? गालावरचा काळसर पट्टा ही सांवली कीं डाग? बॅरो व टेनेनबाउम या दोघांनीं १९७८ सालीं हा प्रश्न नीट मांडला आणि तेव्हांपासून लोक त्याच्या मागें आहेत. उत्तर नेहमीं तर्कानेंच द्यावें लागतें. त्यानें आईच्या डोळ्यांच्या बाहुल्या शंभरपट मोठ्या केल्या. प्रत्येकींत दोन पांढरे ठिपके होते, एक मोठा, एक लहान. "हे त्या दुकानातले दिवे," तो म्हणाला. पन्नास वर्षांपूर्वीं धुळ्याच्या त्या खोलींत जळलेले दोन दिवे माझ्या आईच्या डोळ्यांत तसेच होते. त्यांवरून त्यानें दिव्यांच्या जागा ठरविल्या, उजेडाचा हिशेब बाजूला काढला आणि राहिलेला चेहरा पडद्यावर आणला. त्याच्यावर सर्वत्र स्वल्पविरामासारख्या बारीक करड्या रेघा होत्या. ती त्या कारागिराची पेन्सिल.

"ह्यांच्याखालीं काय आहे?" मीं विचारलें.

"कागदाला माहीत नाही, सर. निगेटिव्ह असती तर एखादे वेळी सांपडलं असतं. आतां मला वण नव्यानं करावे लागतील. कुठं करूं? किती खोल?"

तो १९९५ च्या सुमारास जन्मलेला. देवीचा शेवटचा रोगी आपल्या देशांत १९७५ सालीं होऊन गेला आणि १९७७ सालीं भारत देवीमुक्त ठरला. त्यानें असला चेहरा उभ्या जन्मांत पाहिलेला नव्हता. त्याला सांगावयाचें काम माझें होतें, आणि मला सांगतां येईना. वण होते हें मी जाणत होतों. उजव्या गालावर कीं डाव्या, कपाळावर होते कीं नव्हते, कांहीं आठवेना. मी हात स्वतःच्या तोंडावरून फिरवून पाहिला, जणूं बोटांना आठवेल. शेवटीं धुळ्यास ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनीं मोठी.

ताईनें तत्काळ सांगितलें. "डाव्या गालावर जास्त, उजव्यावर चार-पांच. नाकाच्या शेंड्यावर एक खोल होता. पण तुला हें आज कशाला हवं?"

मीं कारण सांगितलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"अरे," ती म्हणाली, "फोटो काढला त्या दिवशीं मी बरोबर होतें. आईनंच त्या माणसाला सांगितलं, डाग सगळे काढा, एक ठेवूं नका. टचिंगचे पैसे निराळे पडत होते. तिनं ते आपल्या गांठीचे दिले. बाबांना सांगूं नको म्हणाली मला. मीं नाही सांगितलं. आज तुला पहिल्यांदा सांगतेंय."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चींत बसून राहिलों. तीस वर्षें मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलों कीं ग्रंथकर्त्यानें आपल्या हातानें केलेली दुरुस्ती हाच अखेरचा पाठ. ती उठविण्याचा अधिकार संपादकाला नाहीं. आणि ज्याच्यावर मी इतकीं वर्षें रागावलों तो बिचारा कारागीर नुसता लेखनिक होता. मजकूर सांगणारी आई होती. नऊ वर्षांच्या मुलाला जे वण आईचे म्हणून प्रिय होते ते आईला स्वतःला प्रिय असतील असें मीं कशावरून धरलें होतें?

मुलगा उंदरावर हात ठेवून थांबला होता. मीं त्याला गालांना हात लावूं नकोस म्हणून सांगितलें.

"उजेड तरी हलवूं का?" त्यानें विचारलें. "हा दुकानाचा उजेड आहे, सर. त्या घरी अशा कधी बसल्या नसतील."

मला कंदील आठवला. वीज गेली म्हणजे आई भिंतीला टेकून वाती वळीत बसे; कंदील तिच्या उजव्या हाताला, जमिनीवर. मीं तसें सांगितलें. त्यानें डोळ्यांतले दोन ठिपके विझविले आणि खालीं, उजव्या बाजूला, एक नवा दिवा ठेवला. हनुवटी खालून उजळली. कपाळावर अंधार चढला. नाकाची सांवली आडवी होऊन डाव्या गालावर पसरली, आणि तो गाल इतका काळोखांत गेला कीं तेथें वण आहेत कीं नाहींत तें कोणासही सांगतां येऊं नये.

"सांवली जरा अलीकडे ओढूं?" तो म्हणाला.

मीं नको म्हटलें. त्या चित्राच्या दोन प्रती काढविल्या. एक माझ्या टेबलाच्या खणांत आहे, एक ताईला पाठविली. मूळ छायाचित्र पुन्हां त्याच खिळ्याला लावलें आहे. ताईनें प्रतीविषयीं अद्याप कांहीं कळविलेलें नाहीं.